ऊबदार भिंत

४ डिसेंबर

प्रोजेक्टच्या मॅडमनी आज फर्मान काढलं की टीममधल्या प्रत्येकाने रोजची नोंदवही ठेवायची. काय केलं, काय बिघडलं, कसं सुधारलं. ती वही वेगळी. तिच्यात मी 'सेन्सर जोडला, चाचणी समाधानकारक' असलं सभ्य काहीतरी लिहीन. ही वही माझी. हिच्यात खरं लिहायचं ठरवलंय, आणि खरं एवढंच आहे की माझी आत्तापासूनच पाचावर धारण बसली आहे.

कारण आज कामं वाटली. कप्तान पेटी बांधणार आणि वस्तीतल्या लोकांशी बोलणार. (ही आमच्या टीमची म्होरकी. सगळ्यांना दामटत पुढे नेते, म्हणून कप्तान.) चष्मिस प्रोग्रॅम लिहिणार. आणि नऊ जानेवारीला नगरपालिकेच्या सभागृहात, साहेब लोकांपुढे, पेटी चालवून दाखवायची आणि भाषण करायचं ते मी. "तुझा आवाज चांगला आहे," कप्तान म्हणाली. असेल चांगला, पण चार माणसं समोर दिसली की तो घशाच्या खालीच बसून राहतो त्याचं काय?

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठामागच्या वस्तीत नवरा, बायको आणि म्हातारी सासू असे तिघं दारं-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटवून झोपले ते उठलेच नाहीत. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते आणि संपलं. त्या खोलीवरून आम्ही रोज जायचो. म्हणून ही पेटी. हवेत तो वायू वाढला की ठणाणा करणारी. नाव ठेवलंय 'जागल्या'. साहेबांना पटली तर वस्तीतल्या खोलीखोलीत एकेक बसणार.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "भाषण? तू? अरे भागूबाई, तू तर फुग्यालासुद्धा घाबरायचास." भित्री भागूबाई हे माझं तिने ठेवलेलं नाव. मुलगा आहे मी, पण तिला त्याचं काही नाही. तिच्याकडे राहायला येऊन मला महिनाच झालाय. दोन खोल्या, खाली लाँड्री. आत्या लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. लाँड्रीच्या बॉयलरचं धुराडं आतल्या खोलीच्या भिंतीतून गच्चीवर जातं, त्यामुळे ती भिंत कायम ऊबदार. आत्याची कॉट तिला टेकूनच. "फुकटची शेकोटी," म्हणते.

९ डिसेंबर

आज शून्यावरून भांडण झालं. जागल्याला स्वच्छ हवा म्हणजे काय हे आधी कळायला हवं, त्यावरून तो घाण हवा ओळखणार. चष्मिस म्हणाला, एक बटण ठेवू, लोकांनी पेटी उघड्यावर नेऊन ते दाबायचं. कप्तान भडकली. "वस्तीतली माणसं दिवसभर राबून येतात. ती बटणं दाबत बसणार आहेत का? लावली की चालली पाहिजे." शेवटी ठरलं, पेटी सुरू केली की पहिल्या काही मिनिटांतली हवा तिने स्वच्छ धरायची आणि तिथून शून्य मोजायचं. मॅडमना कल्पना फार आवडली. कुठेही लावा, जागल्या आपलं शून्य आपण शोधतो. हे वाक्य माझ्या भाषणात घालायचं आहे.

चष्मिसने आणखी एक केलं. मधूनच आकडा शून्याच्या खाली जातो. उणे वायू कसा असेल, लोक हसतील. म्हणून आकडा खाली गेला तरी पडद्यावर शून्यच दिसणार.

एक पेटी मी घरी आणली. आमच्याकडे कोळसा नाही, विडी-सिगारेट नाही, शेगडी विजेची. टीमच्या मते आदर्श घर. आतल्या खोलीत सुरू केली, शून्य. संध्याकाळीही शून्य. आत्या म्हणाली, "बघ, आमच्या घरात शून्याखेरीज काही सापडायचं नाही. तुझ्या आजोबांनी हेच सांगून माझी स्थळं परत लावली होती."

१४ डिसेंबर

काल अंधार पडायला लागल्यावर मी बाहेरच्या खोलीत भाषण पाठ करत होतो. अचानक छाती धडधडायला लागली. कारण काही नाही. आणि मग वाटलं की आत्याने शिवून टांगलेल्या पडद्यामागे कोणीतरी उभं आहे. मला वळून बघायचा धीर होईना. वळलो तर अर्थातच कोणी नव्हतं. पण दरदरून घाम फुटला होता आणि कपाळाला कोणी पट्टा आवळल्यासारखं दुखत होतं.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! भाषणाचं भूत आहे ते. दहा जानेवारीला आपोआप उतरेल."

असेल. पण भाषणाची भीती मला ओळखीची आहे. ती पोटात गोळा होऊन येते. ही मागून येते.

१८ डिसेंबर

आज दिवसभर वस्तीत होतो. बारा खोल्यांत चाचणीच्या पेट्या लावल्या. गंमत म्हणजे दिवसभरात एकदाही भीती वाटली नाही. अनोळखी माणसांशी बोललो, एका आजोबांना तर हसवलं. शेवटच्या खोलीत इस्त्रीचं काम करणारी एक बाई राहते, तिला दोन लहान मुली. तिची कोळशाची इस्त्री आमच्यासमोर चालूच होती. पेटी लावून शून्य दाखवलं. ती म्हणाली, "आम्ही झोपेत असलो तरी उठवेल ना हा?"

"झोपेतच तर उठवायला आहे," मी म्हणालो. माझा आवाज खरंच चांगला आहे, असं मला तेव्हा वाटलं.

घरी आलो. आत्या सगळं घर उलथंपालथं करून माप घ्यायची टेप शोधत होती. टेप तिच्याच गळ्यात होती. "काखेत कळसा," मी म्हणालो. हसलो दोघंही. पण मग ती हसायची थांबेना, आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

थंडी वाढली आहे. खिडकीच्या फटीतून वारा येतो म्हणून तिने मला चिकटपट्टी लावायला सांगितली. चारी बाजूंनी नीट लावली. आता वाऱ्याची झुळूकही येत नाही. खाली लाँड्रीवाल्या काकांना कुठल्याशा हॉटेलच्या चादरींचं मोठं काम मिळालंय, बॉयलर पहाटेपासून चालतो. भिंत मस्त तापते.

२२ डिसेंबर

आत्याने एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांची जोडी शिवली, त्यातला एक पडदा वीतभर आखूड. तीस वर्षांत असं झालेलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर ती मशीनसमोर नुसती बसून राहिली.

मग म्हणाली, "तू ऐकलंस का? काल मधल्या दारात कोणीतरी पावलं वाजवत होतं."

ही माझी आत्या. आजोबा गेले तेव्हा स्मशानात उभी राहिलेली घरातली एकटी बाई. ती मला म्हणते, "झोपताना दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवत जा. आणि तुझ्या बाबाला सांगू नकोस, चिडवेल मला."

मी दार उघडं ठेवतो. आता मला तिच्याही खोलीतली भीती येते.

२३ डिसेंबर

आज एकदम डोक्यात आलं. डोकेदुखी, मळमळ, भास. हे तर आमच्याच माहितीपत्रकात छापलंय! धावत घरी आलो, पेटी आत्याच्या उशाशी ठेवून सुरू केली आणि समोर बसून राहिलो. शून्य. अर्धा तास झाला, तरी शून्य. एकदा दोनवर गेली, परत शून्य.

हायसं वाटायला हवं होतं. उलट तोंडचं पाणी पळालं. घरात काही नाही, म्हणजे जे आहे ते माझ्या डोक्यात. आणि माझ्यामुळे आता आत्याच्याही. भीती सर्दीसारखी लागते का?

दुपारी विद्यापीठाच्या डॉक्टरांना दाखवून आलो होतो. त्यांनी नाडी बघितली आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

२८ डिसेंबर

तीन दिवस टीमबरोबर बाहेरगावी होतो, दुसऱ्या विद्यापीठात प्रोजेक्ट-स्पर्धेची प्राथमिक फेरी होती. आमचा नंबर लागला! मी बोललो, बोबडी वळली नाही. पडद्यामागे कोणी नाही, डोकं दुखत नाही, दोन वेळा पोटभर जेवलो. कप्तान म्हणाली, "हा कोण नवीन मुलगा आणलाय?"

तिथून आत्याला फोन केला. ती प्रत्येक शब्द शोधून शोधून बोलत होती. "झोपले होते," म्हणाली. दुपारचे चार वाजले होते.

आज परत आलो. सकाळचं ऊन होतं, हातात बेकरीतून घेतलेली बिस्किटं होती, मी खुशीत होतो. आत शिरून तासभर झाला असेल, आणि ती भीती आली. मागून. आता मला स्वच्छ कळलंय की मला भीती भाषणाची नाही, या घराची वाटते. काय आहे इथे? आत्याला विचारलं, आधी इथे कोण राहायचं? ती म्हणाली, "मीच."

२ जानेवारी

कप्तानला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, "हॉस्टेलवर ये. चष्मिसच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे." ठरलं, प्रात्यक्षिक झालं की त्याच दिवशी सामान हलवायचं.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "जा बाबा. तरुण मुलाने काय म्हातारीजवळ बसून राहायचं?" ती म्हातारी नाही. पण आज पहिल्यांदाच तशी दिसली, चेहरा लालसर सुजल्यासारखा. मग भिंतीकडे वळून झोपली. मी नालायक आहे. तिला ज्याची भीती वाटते त्याच्या हवाली करून चाललोय. पण मी इथे राहिलो तर वेडा होईन.

वर्कशॉपमध्येही माझंच नाव खराब झालंय. माझ्याकडची पेटी बिघडली आहे. बर्नर धरून चाचणी घेतली की बाकीच्या पेट्या लगेच ओरडतात, माझी किती तरी उशिरा. कप्तानने तिचं नाव 'झोपाळू' ठेवलं. "तू घरी तिचं करतोस तरी काय?" काही करत नाही. घरी सुरू करतो आणि नोंद तुटू नये म्हणून तशीच बॅटरीवर चालू ठेवून घेऊन येतो. चष्मिस म्हणाला, सेन्सर मार खाल्लेला दिसतो, मी प्रोग्रॅम उघडून बघतो.

६ जानेवारी

झोपाळूचा सेन्सर बदलला. नव्या सेन्सरनेही तेच. बंद करून वर्कशॉपमध्ये परत सुरू केली की शहाण्यासारखी वागते. माझ्या घरून आली की झोपते. चष्मिस म्हणाला, "तुझ्या घराचीच दृष्ट लागते हिला." तो चेष्टा करत होता. मला रडू यायचं बाकी होतं. तरी प्रात्यक्षिकाला हीच न्यायची आहे, घरातल्या महिन्याभराच्या नोंदी हिच्यातच आहेत.

घोडामैदान जवळ आलं. आत्या म्हणाली आहे की ती सभागृहात येणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि मी अडखळलो तर मोठ्याने शिंकणार, म्हणजे सगळे तिच्याकडे बघतील आणि मला श्वास घ्यायला वेळ मिळेल. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. ती येता-जाता बॅगेला वळसा घालते.

९ जानेवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर ओरडेन.

सकाळी उठलो तो ओकतच. शर्टाची बटणं दोनदा चुकली. भीती म्हणून सोडून दिलं. आतल्या खोलीत जाऊन पेटी आत्याच्या उशाशी नेहमीच्या जागी लावून सुरू केली. आत्याला हलवलं. "तू हो पुढे," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी जरा पडते, मग येते." भिंतीला हात लागला तर चटका बसला. चालू पेटी उचलून मी दार ओढून घेतलं आणि निघालो. मी दार ओढून घेतलं.

बसमध्ये खिडकीशी बसून डोकं हळूहळू हलकं झालं. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी, आणि मला राग आला. खरंच राग आला तिचा. मग माझं नाव पुकारलं. पेटी टेबलावर ठेवली, चष्मिसने वायर जोडली, मागच्या मोठ्या पडद्यावर आकडा आला.

उणे एकशे सोळा.

काल संध्याकाळी झोपाळू तपासायला त्याने शून्याखालचे आकडे उघडे केले होते, आणि ते परत झाकायचे विसरला होता. सभागृहात खसखस पिकली. एक साहेब म्हणाले, "उणे? म्हणजे आमच्याकडचा वायू तुम्ही उसना नेलात की काय?" चष्मिसचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझा आवाज, हा मेला आवाज, आज एकदम मोकळा आला.

"साहेब, पेटी जिथे सुरू होते तिथली हवा ती स्वच्छ धरते," मी म्हणालो. "उणे म्हणजे इतकंच, की ती जिथे सुरू केली त्या जागेपेक्षा इथली हवा तेवढी..."

पुढचा शब्द मला दिसत होता. तो उच्चारता येईना. लोक वाट बघत होते. कोणी शिंकलं नाही.

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना माझ्याआधी कळलं असावं. "कुठे सुरू केली होतीस?"

"आत्याच्या उशाशी."

मी मंचावरून उडी मारली. धावता धावता लाँड्रीवाल्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, ऐन कामाच्या वेळी..." आणि मी ओरडलो. आयुष्यात एवढा ओरडलो नव्हतो. "काका, बॉयलर बंद करा! वर जा, दार तोडा, आत्याला बाहेर काढा! आत थांबू नका!" रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मागे कप्तान पळत होती, तिच्या हातात कोणाची तरी स्कूटरची किल्ली होती.

आम्ही पोचलो तेव्हा काकांनी आणि त्यांच्या दोन कामगारांनी तिला हॉटेलच्या चादरीत घालून खाली आणलं होतं. काकांच्या हाताला रक्त. खिडकी उघडायला गेले तर उघडेना, चिकटपट्टी लावलेली होती. काच फोडावी लागली. "कोणी रे लावली ती मूर्खासारखी?" काका म्हणत होते. "कोणी लावली?"

तिचे ओठ छान लालबुंद होते. मला वाटलं, बरी आहे. आमच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की तसे असणं वाईट.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आत्ता काही सांगता येत नाही, ऑक्सिजन चालू आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हीही तिथेच राहता? छातीत धडधड होते? उगाचच भीती वाटते, कोणी मागे उभं असल्यासारखी?" ही गोष्ट मी या वहीखेरीज फक्त दोघींना सांगितली होती. त्यांनी माझंही रक्त घ्यायला सांगितलं.

मागे आता कोणी नाही. समोर दार आहे, आणि ते बंद आहे. देवा, मला ती मागची भीती परत दे, ही नको.

११ जानेवारी

अजून शुद्ध नाही. बाबा आलेत. माझ्या शेजारी बसून चहा देतात.

कप्तान आणि चष्मिस आले होते. भिंतीतलं धुराडं आत्याच्या कॉटमागेच फुटलं होतं, तपासनिसाने दाखवलं. काकांनी लाँड्रीला कुलूप लावलंय आणि ते सगळ्यांना हात जोडत फिरतायत.

ते दोघं परवा सभागृहातून मॅडमना घेऊन थेट वस्तीत गेले. बाराही पेट्या आम्ही शेगड्या आणि इस्त्र्या चालू असताना लावल्या होत्या. बाराही पेट्यांनी ती हवा स्वच्छ धरली होती. खोलीखोलीत जाऊन त्यांनी पेट्या काढल्या, दारं-खिडक्या उघडायला लावल्या आणि सांगितलं, यांच्यावर विश्वास ठेवू नका, आमची चूक झाली. कोणाला काही झालेलं नाही. चष्मिस म्हणाला की इस्त्रीवाली बाई पेटी हातातून सोडेना. "मी रोज याच्याकडे बघून मुलींना झोपवत होते," म्हणाली. मग तिने चष्मिसला विचारलं, तो चांगल्या आवाजाचा मुलगा कुठाय?

चष्मिस बाकावर बसून हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभी होती. "बटण ठेवायचं होतं," ती म्हणाली. "मीच नको म्हणाले." दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका जवळचा असतो हे आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं.

१२ जानेवारी

डोळे उघडले! मला ओळखलं. मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली, मी कान जवळ नेला.

"शिंकायची राहिले रे."

१७ जानेवारी

आत्याला घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की विसरायला होईल, हात थरथरतील, किती दिवस ते सांगता येत नाही. आज तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, पाचव्यांदा जमलं नाही तेव्हा सुई माझ्याकडे दिली. मी ओवली.

दाराजवळची बॅग मी रिकामी केली. आतल्या खोलीत नवी काच बसली आहे. भिंत उकरून ठेवलीय, गार आहे, तिला हात लावला की अंगावर काटा येतो. बाजारातली एक पेटी आणून टांगली आहे, कारखान्यात शून्य लावून आलेली. तीही मी आधी गच्चीवर नेऊन बघितली, मग जिन्यात, मग आत. आत्या कॉटवरून बघत होती.

"ब्रह्मराक्षस खराच होता म्हणायचा," ती म्हणाली. "मी उगीच तुला चिडवलं."

"चिडव की."

पांघरूण नाकापर्यंत ओढून ती म्हणाली, "भागूबाई, खिडकी लाव ना रे. गारठले मी. भिंतही पहिल्यासारखी राहिली नाही."

मी माझं पांघरूण आणून तिच्या अंगावर घातलं, बाबांची शाल घातली, पायांवर शिवायला आलेले पडदे घातले. तिने आणखी एकदा सांगितलं, मग कंटाळून झोपली. तिचा श्वास ऐकू येतोय. लिहिता लिहिता मधेच थांबून मी तो ऐकतो. बोटं थंडीने वाकत नाहीत. खिडकी उघडी आहे.